साइटवर 'थोडक्यात वाचलो' हे सांगायचं कुणाला, आणि काम थांबवायचं कुणी?

अनगोळकर
मंडळी, बांधकामावर काम करणाऱ्यांना विचारतोय आणि घर बांधून घेणाऱ्यांनाही. अपघात झाला की सगळे धावतात, पोलीस येतात, पेपरात छापून येतं. पण होता होता राहिला त्याची खबर साइट इंजिनिअरपर्यंत का पोचत नाही?

मी सध्या बेळगावात हिंडवाडीच्या बाजूला एका अपार्टमेंटच्या कामावर आहे. मध्यंतरी तिसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) खोलताना लोखंडी जॅकची पिन निसटून खाली आली. खाली दोन बायका वाळू चाळत होत्या. पिन चाळणीच्या चौकटीवर खणकन आपटली. दोघी मागं सरल्या, वरून कुणीतरी "लागलं नाही न्हवं?" म्हणून ओरडलं, आणि चाळणी परत सुरू. मला हे संध्याकाळी वॉचमनकडून कळलं, तेही पाण्याच्या टँकरबद्दल बोलताना. मी त्या वेळी साइटवरच होतो, पन्नास फुटांवर.

कंपनीनं सूचनापेटी लावली आहे, रजिस्टर ठेवलं आहे. रजिस्टरात सगळ्या नोंदी एकाच अक्षरात, म्हणजे माझ्या. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लोक बोलते कसे करायचे? आणि एखाद्यानं धोका बघून काम थांबवलं, तर त्या वेळेचे पैसे कुणाच्या खिशातून जायचे? माझ्या मते दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचं मिळणार नाही. तुमचं काय म्हणणं?

तिसरं_गेट
पेटीची किल्ली कुणाकडं आहे? आमच्याकडं प्रोजेक्ट मॅनेजरकडं होती. ज्याच्याबद्दल सांगायचं त्याच्याच टेबलावर चिठ्ठी उघडणार म्हटल्यावर कोण टाकतंय. शिवाय लिहिणार कोण? सेंट्रिंगवाल्यांना कन्नड-मराठी वाचता येत नाही, आणि बऱ्याच गौंड्यांना सहीपलीकडं लिहायची सवय नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. सुरुवातीला फोटो धडाधड आले. नंतर मालक ग्रुपात आले. तिथून पुढं फक्त "गुड मॉर्निंग".

सळीवाला
अनगोळकर सर, सांगतील ओ, खरं सांगून काय मिळतंय?

मी बार बेंडिंगचा, म्हणजे सळ्या वाकवून बांधायचा ठेका घेतो, आमची टोळी टनाच्या दरावर. सेंट्रिंगवाला चौरस फुटावर. प्लास्टरवाला पण फुटावर. तुमचा पगार महिन्याचा हाय, काम थांबलं तरी चालू राहतोय. आमचं काम तासभर थांबलं की तो तास टोळीच्या पोटातनं जातोय. शनिवारी हिशेब होतोय, बाजार करून पोरं गावाकडं पैसे पाठवत्यात. पिन पडली म्हणून सांगितलं तर साहेब येणार, चौकशी करणार, "कुणी पाडली?" विचारणार, मुकादमाला बोलणार, मुकादम पोराला बोलणार. संध्याकाळी त्या पोराला "उद्यापासनं येऊ नको." मग पोरगं शहाणं होतंय, गप्प बसतंय.

बायका सरकल्या आणि परत चाळाय लागल्या म्हणता. त्यांची हजेरी कोण मांडतंय? तोच मुकादम.

हायवे_सेफ्टी
सळीवाला दादा बोलले ते शंभर टक्के खरं.

मी मोठ्या रस्त्यांच्या कामांवर सेफ्टीमध्ये काढली इतकी वर्षं. मोठ्या कंपन्यांत उलटं असतं. प्रत्येक इंजिनिअरनं आठवड्याला धोक्याच्या नोंदीची अमुक कार्डं भरलीच पाहिजेत असा नियम. कार्डं भरतात! "हेल्मेट घातलं नव्हतं, समज दिली." "बूट नव्हते, समज दिली." ढीग लागतो, आलेख चढतो, हेड ऑफिस खूश. आणि ज्या दिवशी हायड्रा क्रेननं गर्डरचं शटरिंग उचलताना स्लिंग (उचलायचा पट्टा) एका बाजूनं सरकला, भार फिरला आणि रिगर, म्हणजे भार बांधणारा माणूस, उडी मारून वाचला, त्या दिवशी एकही कार्ड नाही. कारण त्या कार्डावर ऑपरेटरचं नाव आलं असतं, क्रेनच्या तपासणीची तारीख आली असती, आणि घाई कुणी केली तेही आलं असतं.

हाइनरिश नावाच्या अमेरिकन माणसानं १९३१ मध्ये मांडलं होतं की एका मोठ्या दुखापतीमागं २९ किरकोळ दुखापती आणि कुणाला न लागलेले ३०० प्रसंग असतात. आमच्या प्रशिक्षणात हा त्रिकोण भिंतीवर लावलेला असतो. म्हणून खालचे ३०० गोळा करा म्हणतात.

मास्तर_सिव्हिल
तो त्रिकोण मीही अनेक वर्षं फळ्यावर काढला. आता विद्यार्थ्यांना सावध करतो. हाइनरिशनं ज्या नोंदींवरून ते आकडे काढले त्या नोंदी पुढं कुणाला तपासायला मिळाल्या नाहीत. १९६९ मध्ये फ्रँक बर्डनं दुसऱ्या माहितीवरून १-१०-३०-६०० असं वेगळंच प्रमाण दिलं. तेव्हा ते प्रमाण म्हणजे निसर्गनियम नव्हे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोटाला खिळा लागण्याची कारणं आणि स्लॅब बसण्याची कारणं वेगळी असतात. खिळ्यांच्या हजार नोंदी ठेवून स्लॅब वाचत नाही. कार्डं मोजण्यापेक्षा तोलावीत. आपल्याकडं माणसं मरतात ती बहुतेक ठरलेल्या जागी: उंचीवरून पडून, खोदाईत गाडली जाऊन, शॉक लागून, उचललेला माल अंगावर येऊन, सेंट्रिंग कोसळून. यांपैकी कशाचाही 'थोडक्यात' असेल तर त्याच दिवशी वरपर्यंत गेला पाहिजे. बाकीचं मुकादमानं जाग्यावर मिटवावं. अनगोळकर, तुमची पिन पहिल्या रांगेत बसते.

हायवे_सेफ्टी
मास्तर, तोलण्याचं पटलं. पण किरकोळ सोडून द्या म्हणालात तर मुकादम सगळंच किरकोळ ठरवेल, याची भीती वाटते.

मास्तर_सिव्हिल
ठरवेल. म्हणून ठरवायचं त्याच्यावर सोडायचंच नाही. उंची, खोदाई, वीज, उचल, सेंट्रिंग. या पाचांत असेल तर किरकोळ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

निपाणीचा_पाहुणा
आमच्या मुकादमाचा आवाज चिकोडीपर्यंत जातो. त्यालाच सूचनापेटी करा. 😄

शहापूरची_आर्किटेक्ट
सगळी चर्चा गौंडी, बार बेंडर, इंजिनिअर यांच्यावर चालली आहे. साइटवर सगळ्यात जास्त फिरतं कोण? डोक्यावर बुट्टी घेऊन जाणाऱ्या बायका. गौंडी एका भिंतीपाशी दिवस काढतो, त्या तळापासून गच्चीपर्यंत दिवसभर ये-जा करतात. कुठली फळी हलते, कुठल्या पायरीला कठडा नाही, कुठं वायर पाण्यात पडली आहे, सगळं त्यांना माहीत असतं. त्यांना कुणी विचारत नाही.

आमच्या एका कामावर बागलकोट-विजापूरकडच्या बायका होत्या. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसायचे आणि एकच विचारायचे, "इवत्त एल्लि हेदरिकी आतु?" आज भीती कुठं वाटली? अपघात, धोका, सेफ्टी असले शब्द काढायचेच नाहीत. आधी हसल्या, मग एकीनं दुसरीकडं बोट दाखवलं, "हिला विचारा, सकाळी काय झालं."

झालं होतं असं. बाथरूमच्या डक्टच्या (पाइप जायच्या उभ्या मोकळ्या जागेच्या) भोकावर प्लायचा तुकडा नुसता ठेवलेला. हिला वाटलं, सुटा प्लाय पडलाय, उचलून कडेला लावावा. दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला आणि चालायला लागली. समोर प्लाय असल्यामुळं पायाखालचं दिसेना. पहिलं पाऊल भोकातच. मांडीपर्यंत गेली आणि कडेच्या वाढीव सळीला साडीचा ओचा अडकला. खाली तीन मजले मोकळे होते. मांडीला खरचटलं होतं, ती हळद लावून परत कामावर आली होती.

त्या दिवसापासून माझ्या ड्रॉइंगमध्ये डक्टमधून स्लॅबच्या सळ्यांची जाळी तशीच पुढं नेलेली असते. प्लंबर आला की कापायची, तोवर नाही. वरचा प्लाय खिळ्यांनी ठोकलेला आणि त्यावर लाल रंगात खड्ड्याचं चित्र. अक्षरं नकोत. खर्च जवळजवळ शून्य. आणि हे सुचलं त्या बाईमुळं, कुठल्या ऑडिटमुळं नाही.

काकतीकर
ताई, हे वाचून आमच्या घराच्या कामावर जाऊन बघून आलो. प्लाय नुसताच ठेवलेला होता. ठोकून घेतला. धन्यवाद.

खानापूर_वकील
थोडं कायद्याचं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कुणाला लागलंच नाही तर कळवायचं काय.

बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामांना तो लागू होता. त्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक अपघात: मृत्यू झाला, किंवा कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कळवायचं. दुसरी धोकादायक घटना: लिफ्ट किंवा क्रेन मोडणं, माती, भिंत, मजला किंवा छत कोसळणं, आग, स्फोट, वाहन उलटणं. या कुणाला लागो न लागो, कळवायच्याच. म्हणजे रिकामा स्लॅब पडला आणि खाली मांजरसुद्धा नव्हतं, तरी ती कायद्यानं कळवायची गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांत गेला. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत कामगाराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. जिवाला तातडीचा धोका आहे असं वाजवी कारणानं वाटलं, तर तो मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत सांगू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला ते पटलं, तर त्यानं लगेच उपाय करायचा आहे. बांधकामावर २५० कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, जुन्या कायद्यात हा आकडा ५०० होता. बेळगावातल्या किती अपार्टमेंटवर एका वेळी २५० माणसं असतात? म्हणजे आपल्या बहुतेक साइटवर सुरक्षा अधिकारी असणारच नाही. जे काही करायचं ते इंजिनिअर, मुकादम आणि टोळी यांनीच.

अजून एक. तुमच्या टोळीतल्या प्रत्येकाची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद आहे का बघा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम, एवढं लागतं. मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तुमच्याच साइटनं भरलेला असतो. नोंद मात्र नसते.

तिसरं_गेट
वकीलसाहेब, निरीक्षकाला कळवलं की काम बंद पडेल या भीतीनं मालक आतली नोंदसुद्धा ठेवू देत नाहीत. "कागदावर आलं की पुरावा झाला" म्हणतात.

खानापूर_वकील
ही भीती मी रोज ऐकतो. पण बघा, कामगार गेला आणि केस झाली, तर धोका आधी माहीत होता की नाही हे साक्षीदार सांगतातच. तेव्हा रजिस्टर कोरं असणं मालकाला वाचवत नाही. नोंद आहे आणि त्याच दिवशी उपाय केल्याची नोंद आहे, हे वाचवतं. नोंद आहे आणि पुढं काहीच केलं नाही, हे मात्र बुडवतं. मालकांनी घाबरायचं ते या तिसऱ्या प्रकाराला.

उद्यमबाग_फाउंड्री
बांधकामातला नाही, पण राहवलं नाही. वितळलेल्या लोखंडाच्या शेजारी आयुष्य गेलं.

आमच्याकडंही पेटी होती, रिकामीच असायची. मग एका जुन्या फोरमननं पेटी काढून तिथं काळा फळा लावला. तीन रकाने: काय दिसलं, कोण बघणार, झालं का. सांगणाऱ्याचं नाव फळ्यावर कधीच नाही. सकाळी पाळी सुरू होताना सगळे फळ्यासमोर उभे. कुणी म्हणालं, लॅडलची (वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्याची) साखळी कुरकुरते. फोरमन तिथंच खडूनं लिहायचा आणि मेंटेनन्सवाल्याचं नाव टाकायचा. संध्याकाळी सुट्टी व्हायच्या आत तिसरा रकाना भरलाच पाहिजे. नाही झालं तर "नाही झालं, बेअरिंग उद्या येतंय, तोवर ही साखळी वापरायची नाही" असं लिहायचं.

लोक का बोलायला लागले, तर सकाळी बोललेलं संध्याकाळी झालेलं दिसायला लागलं. आधी वर्षानुवर्षं सांगूनही कुणी परत येऊन "तुमच्या त्या साखळीचं असं झालं" म्हणालं नव्हतं. मला वाटतं अनगोळकरांच्या रजिस्टरचं दुखणं इथं आहे. लिहिलेलं कुठं जातं ते कुणालाच दिसत नाही.

अनगोळकर
काका, फळा उद्याच घेतो. खरंच. पण साइटवर पाऊस, धूळ. गेटजवळच्या शेडमध्ये लावला तर चालेल ना?

उद्यमबाग_फाउंड्री
चहा जिथं पितात तिथं लावा. ऑफिसच्या दारात नको.

हलगेकर
फारसं लिहीत नाही मी इथं. या विषयावर लिहितो.

वडील गौंडी होते. परांचीवरून पडून गेले, मी शाळेत होतो तेव्हा. त्यांच्या पायाखालची फळी सरकली. आदल्या दिवशी तीच फळी दुसऱ्या एका गौंड्याच्या पायाखाली सरकली होती, त्याचा तोल गेला, त्यानं बांबू धरला, वाचला. त्यानं जोडीदाराला सांगितलं, दोघांनी फळी हातानं परत जागेवर सारली. दुसऱ्या दिवशी त्या जागी वडील चढले. फळी सुंभानं बांधायला किती वेळ लागतो ते मला आता माहीत आहे, मीही याच धंद्यात आहे. तो गौंडी दहाव्याला आमच्या घरी आला होता आणि त्यानंच हे आईला सांगितलं. आम्ही त्याला कधी दोष दिला नाही. तो सांगणार तरी कुणाला? तेव्हा साइटवर विचारणारं कुणी नव्हतं.

शहापूरची_आर्किटेक्ट
हलगेकर, हे इथं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काय बोलावं कळत नाही.

सळीवाला
हलगेकर भाऊ, आमच्या टोळीला हे वाचून दाखवणार हाय. नाव न घेता.

वडगावचा_वायरमन
विजेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात मिक्सर, व्हायब्रेटर, कटर, सगळ्यांची वायर चिखलात. जोड टेपचा. मेन बोर्डावर ईएलसीबी असतो, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो. तो दिवसातनं दोनदा पडला की साइटवरचे मला फोन करतात, "हा सारखा पडतोय, काढून डायरेक्ट करून दे." म्हणजे यंत्र ओरडून सांगतंय की कुठंतरी करंट गळतोय, कुणाच्या तरी अंगातनं जाईल, आणि आपण त्याचंच तोंड बंद करतो.

मी डायरेक्ट करून देत नाही. गिऱ्हाइकं गेली माझी त्यापायी, जाऊ देत. ईएलसीबी पडला की वेळ आणि कुठलं मशीन चालू होतं एवढं बोर्डाच्या आतल्या कागदावर लिहा. ते मशीन बाजूला काढा. बहुतेक वेळा वायरच्या जोडातच सापडतं.

मास्तर_सिव्हिल
वायरमन, तुम्ही फार नेमकं सांगितलंत. जिथं माणूस बोलत नाही तिथं वस्तू बोलते. खोदाईचंही तसंच. भूमिगत गटाराच्या चरात काठापासून थोडं आत, काठाला समांतर बारीक भेग दिसली की तो प्रसंग घडायला सुरुवात झालेली असते. खानापूरकडची तांबडी माती पावसात दगा देते, पूर्वेकडची काळी माती सुकून फाटते. बाजू माणसाच्या पायापासून दीड मीटरपेक्षा उंच असेल तर आधार देणं किंवा उतार काढणं बंधनकारक आहे. उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, जे जास्त असेल तितकी लांब टाकायची. आपल्या गल्ल्यांत जागा नाही म्हणून ती काठावरच टाकतात, वर जेसीबी तिथंच उभा. भेग दिसली की माणसं वर, बस्स. आधी वर यायचं, चर्चा नंतर.

तिसरं_गेट
स्लॅब ओतताना थांबवायचं कुणी, हे सांगा. चर रिकामा करता येतो. रेडीमिक्सच्या गाड्या रांगेत उभ्या, पंप चालू, आणि खालून "ठक" असा आवाज आला. काम थांबवलं तर जोड राहतो, गाड्यांचं काँक्रीट घट्ट होतं. आमचे साहेब म्हणतात, ओतणं सुरू झालं की थांबवायचा अधिकार फक्त त्यांचा. आणि साहेब असतात सांबरा विमानतळावर.

मास्तर_सिव्हिल
स्लॅबमधला जोड नंतर खरडून, ओला करून, डिझाइनरला विचारून दुरुस्त करता येतो. तेव्हा आवाज ऐकणाऱ्यानं थांबवायचं, मग तो बिगारी का असेना. आणि ओतताना खाली कुणी उभंच राहू नये. जॅक तपासायला माणूस आत पाठवतात, तीच सर्वांत वाईट सवय. स्लॅबच्या तळाला दोऱ्यानं वजनं लटकवा, शेजारी पट्ट्यांवर खुणा करा, आणि बाहेरून बघा. वजन खुणेखाली गेलं की पंप बंद.

धारवाडच्या कुमारेश्वर नगरात १९ मार्च २०१९ ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून १९ माणसं गेली. त्याची कारणं वेगळी, तपास वेगळा, त्यात मी शिरत नाही. पण त्या आठवड्यात आमच्या कॉलेजात पोरं विचारत होती, "सर, आधी कुणालाच काही दिसलं नसेल का?" तेव्हापासून मी लोडच्या गणिताइतकंच हेही शिकवतो.

जाता जाता, सेंट्रिंग काढायच्या घाईबद्दल. साध्या (ओपीसी) सिमेंटला, तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तर, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यावरच्यांना १४. बीमना सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढं २१. हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातलं किमान आहे. हल्ली मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला आणखी वेळ द्यावा लागतो.

नवी_इंजिनिअर
मी गेल्या वर्षी पास झाले, साइटवर नवीन आहे. मला वेगळीच अडचण येते. मेस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. ते बेल्ट न लावता कडेला उभे असतात. मी थांबवायला गेले तर सगळ्यांसमोर त्यांचा अपमान होतो आणि दुसऱ्या दिवशी माझं कुणी ऐकत नाही. काय करायचं?

हलगेकर
ताई, पहिली गोष्ट, उंचीवर उभ्या माणसाला खालून अचानक हाक मारू नका. तो दचकून वळतो. त्याला दिसेल अशा जागी जाऊन उभं राहा, हातानं खूण करा, तो आत आला की बोला.

आणि "मामा, बेल्ट का नाही लावला?" असं विचारू नका. "मामा, हुक कुठं अडकवायचा हितं?" असं विचारा. निम्म्या वेळा हुक अडकवायला जागाच नसते. बेल्ट देतात, दोर बांधत नाहीत. मेस्त्रीला हे माहीत असतं, म्हणून तो चिडतो. तुम्ही दोर बांधून घेतलात की तो तुमचा माणूस झाला.

नवी_इंजिनिअर
आजच विचारलं. मामा म्हणाले, "इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं." कॉलमच्या सळ्यांना आडवा वायररोप लावून घेतला. उद्या बाकीच्या दोन बाजू.

निपाणीचा_पाहुणा
धाग्यातला पहिला स्लॅब भरला म्हणायचा. पेढे कोण देणार? 😄

काकतीकर
बक्षिसाचं काय? एका मित्राच्या साइटवर जो धोका सांगेल त्याला शंभर रुपये. मला कल्पना चांगली वाटली.

हायवे_सेफ्टी
नको. आम्ही करून बघितलंय. लोक स्वतःच फळी ढिली करून सांगायला येतात. त्याहून घातक म्हणजे "महिनाभर अपघात नाही तर सगळ्यांना बोनस." मग माणूस मोडलेलं बोट खिशात लपवतो, कारण त्याच्यापायी सगळ्या टोळीचा बोनस जाणार. द्यायचंच असेल तर वेळ द्या, चहा द्या, आणि सांगितलेलं दुरुस्त करा.

सळीवाला
बक्षीस नको, हजेरी द्या. अनगोळकर सरांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला बघा.

आमचं एका बिल्डरबरोबर ठरलंय, ते सांगतो. वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घालून घेतली. धोका म्हणून काम थांबलं तर तेवढा वेळ टोळीला रोजंदारीच्या दरानं हजेरी, टनाच्या हिशेबाबाहेर. थांबवणारा कुणी पण असूदे. तपासून बघितल्यावर धोका नव्हता असं निघालं तरी हजेरी कापायची नाही. बिल्डर आधी म्हणाला, मग तुम्ही रोजच थांबवाल. मी म्हटलं, आम्हाला टनावर जास्त मिळतंय, रोजंदारीवर कमी, आम्ही कशाला थांबवू? ते त्याला पटलं. तेव्हापासनं पोरं खाली येऊन सांगत्यात. रोज नाही. लागेल तेव्हा.

खानापूर_वकील
सळीवाला, ही या धाग्यातली सर्वांत कामाची गोष्ट. फक्त "कुणाचंही काम बंद करणार नाही" हेही घालून घ्या, नाहीतर हजेरी मिळते आणि पुढच्या सोमवारी माणूस घरी बसतो.

अनगोळकर
मालकांशी बोललो. फळ्याला लगेच हो म्हणाले. हजेरीच्या ओळीवर अजून विचार चालू आहे, पण नाही म्हणाले नाहीत. कुणी मसुदा देईल का? मी घेऊन जातो.

खानापूर_वकील
हा घ्या. आपापल्या कामाप्रमाणे बदला.

"कामाच्या जागी जिवाला धोका वाटल्यास कोणताही कामगार, स्त्री अथवा पुरुष, काम थांबवून मुकादम किंवा इंजिनिअर यांना सांगू शकेल. तपासणी होऊन काम पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ संबंधित टोळीच्या हजेरीत रोजंदारीच्या दराने धरला जाईल. धोका नव्हता असे नंतर दिसून आले तरी पैसे कापले जाणार नाहीत. काम थांबवल्याबद्दल कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही, अथवा कमी करण्यास ठेकेदाराला सांगितले जाणार नाही."

शहापूरची_आर्किटेक्ट
मी याचं कन्नड करून उद्या टाकते. उत्तर कर्नाटकी बोलीत, वाचून दाखवायला सोपं जाईल असं. बायकांना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवणार, म्हणून 'स्त्री अथवा पुरुष' तसंच ठेवते.

अनगोळकर
हिंदी कुणी करेल का? आमची सेंट्रिंगची पोरं झारखंडची आहेत.

हायवे_सेफ्टी
करतो. लेखी आणि आवाजात, दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवता येईल.